फादर, ही क्षमा की बेरीज?

१९८० साली पॅसिफिक महासागरातल्या एका नव्याकोऱ्या देशाचा पहिला पंतप्रधान झालेला माणूस ब्रिटनच्या संसदेत मात्र साधा खासदारही होऊ शकला नसता. वय, नागरिकत्व, भाषा वगैरे अडचणी बाजूला ठेवा. तो दीक्षा घेतलेला अँग्लिकन धर्मगुरू होता, एवढंच कारण पुरेसं होतं. १८०१ साली जॉन हॉर्न टूक नावाचा एक तापदायक बंडखोर पाद्री हाऊस ऑफ कॉमन्समध्ये निवडून आला, तेव्हा घाईघाईने एक कायदा झाला: धर्मगुरूंना कॉमन्सची दारं बंद. हा कायदा नुसता कागदावर राहिला नाही. १९५० साली बेलफास्टमधून निवडून आलेल्या एका अँग्लिकन धर्मगुरूची खासदारकी त्यानेच घालवली. तो रद्द झाला थेट २००१ मध्ये. गंमत अशी की याच सगळ्या काळात वरच्या सभागृहात, हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये, चर्च ऑफ इंग्लंडचे बिशप ऐटीत बसत होते. आजही त्यांच्या २६ जागा राखीव आहेत. म्हणजे धर्मगुरूने सत्तेजवळ बसायला हरकत नाही, फक्त लोकांची मतं मागून बसू नये!

तर ज्या ब्रिटनला आपला पाद्री खासदार म्हणून चालत नव्हता, त्याच ब्रिटनने फ्रान्सच्या साथीने ३० जुलै १९८० रोजी एका पाद्र्याच्या हाती अख्खा देश सोपवला. देश व्हानुआतू. पाद्री फादर वॉल्टर लिनी.

गेले काही महिने मी या माणसाबद्दल मिळेल ते वाचतोय. धर्म आणि राजकारण यांची सरमिसळ हा आपल्याकडे रोजचा विषय आहे. आपल्याकडे मठाचे महंत मुख्यमंत्री होतात, साध्वी खासदार होतात, आणि त्यावर आपण दोनच बाजूंनी भांडतो: ‘धर्माशिवाय राजकारण म्हणजे भ्रष्टाचार’ किंवा ‘धर्म राजकारणात आला की संपलंच’. दोन्ही वाक्यं मला आता ऐकवत नाहीत. लिनींची गोष्ट मला आवडली ती या दोन्ही वाक्यांना पुरून उरते म्हणून. ती आपल्या भांडणापासून इतकी लांब घडली आहे की वाचताना आपण आधीच कुठल्या गटात आहोत हे थोडा वेळ विसरता येतं.

व्हानुआतू म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला पसरलेली ऐंशीच्या आसपास बेटं. स्वातंत्र्याच्या वेळी लोकसंख्या लाख-सव्वालाख, आणि भाषा शंभराहून जास्त. बंजी जंपिंग जिथून जगाला सुचलं, ते पायाला वेली बांधून लाकडी मनोऱ्यावरून उडी मारणं याच देशातल्या पेंटेकॉस्ट नावाच्या बेटावरचं. लिनींचा जन्म त्याच बेटावर, उत्तरेच्या भागात, १९४२ साली झाला.

या बेटांना तेव्हा न्यू हेब्रिडीज म्हणत आणि तिथलं सरकार म्हणजे एक प्रहसन होतं. १९०६ पासून ब्रिटन आणि फ्रान्स दोघं मिळून राज्य करत. मिळून म्हणजे खरोखर दोन-दोन: दोन पोलीसदलं, दोन तुरुंग, दोन आरोग्यखाती, दोन प्रकारच्या शाळा. दोघांचं संयुक्त न्यायालय होतं, आणि त्याचा अध्यक्ष सुरुवातीला नेमत होता स्पेनचा राजा. या व्यवस्थेचं अधिकृत नाव ‘काँडोमिनियम’. लोक तिला ‘पँडेमोनियम’, म्हणजे निव्वळ गोंधळ, म्हणत. लिनींनी १९८० साली काढलेल्या आपल्या पुस्तकाच्या नावातही हाच शब्द घेतला.

पण यातली एक गोष्ट अजिबात हसण्यासारखी नव्हती. तिथे राहणारा फ्रेंच माणूस फ्रेंच नागरिक होता, इंग्रज माणूस ब्रिटिश. बाहेरून आलेल्या तिसऱ्या कुणालाही या दोनपैकी एक कायदा निवडता येई. आणि बेटांवर हजारो वर्षं राहणारा माणूस? तो कुणाचाच नागरिक नव्हता. ना ब्रिटनचा, ना फ्रान्सचा, ना स्वतःच्या देशाचा, कारण तसा देशच नव्हता. कायद्याच्या भाषेत तो राज्यहीन होता. आपल्याच परसात निर्वासित!

आता अशा ठिकाणी राजकारण करायला कोण उरतं, याचा जरा विचार करा. व्यापार परक्यांच्या हातात. सरकारी नोकऱ्यांच्या वरच्या पायऱ्या परक्यांच्या. विद्यापीठ नाही. स्थानिक मुलाला शिकवणारी, बोटीत बसवून दुसऱ्या बेटावर पाठवणारी, पुस्तक हातात देणारी संस्था जवळपास एकच होती, ती म्हणजे चर्च. उत्तरेकडच्या बेटांवर अँग्लिकन मिशन, मधल्या आणि दक्षिणेकडच्या बेटांवर प्रेस्बिटेरियन, आणि फ्रेंच शाळांच्या आसपास कॅथलिक. लिनी मिशनच्या शाळेत शिकले, सॉलोमन बेटांवर धर्मशिक्षणाला गेले, तिथून न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या सेंट जॉन्स कॉलेजात. तिथे पॅसिफिकमधली इतर मुलं भेटली, वसाहती सोडून चाललेल्या साम्राज्यांच्या बातम्या भेटल्या. परत आले ते पाद्री होऊन, आणि १९७१ मध्ये डोनाल्ड काल्पोकास वगैरे मित्रांबरोबर त्यांनी पक्ष काढला. तोच पुढे ‘वानुआकु पाटी’ म्हणून ओळखला गेला. वानुआ म्हणजे भूमी. पाटी म्हणजे तिथल्या बिस्लामा बोलीत पार्टी.

त्यामुळे ‘धर्मगुरूने राजकारणात यावं का?’ हा प्रश्न त्या बेटांवर १९७१ साली विचारणं मला जरा उद्धटपणाचं वाटतं. ज्या गावात एकालाच वाचता येतं, तिथे सावकाराचा कागद वाचून दाखवायचं काम त्याच्याकडे येतंच. मग तो शिंपी असो, पुजारी असो. लिनींच्या पक्षातच नव्हे, समोरच्या बाजूलाही हेच होतं. डिसेंबर १९७८ मध्ये दोन्ही बाजूंचं मिळून सरकार झालं, तेव्हा मुख्यमंत्री होते जेरार लेमांग नावाचे कॅथलिक धर्मगुरू आणि उपमुख्यमंत्री होते अँग्लिकन लिनी. पुढे देशाचे राष्ट्रपती झालेले फ्रेड टिमाकाटा प्रेस्बिटेरियन पास्टर. एवढ्याशा देशात पाद्र्यांची ही रांग पाहून कुणी धर्मसत्ता वगैरे म्हणेल. मला ती शिकलेल्या माणसांची रांग दिसते.

आणि मुद्दा काय होता, तर जमीन. परक्यांनी नारळाच्या मळ्यांसाठी आणि गुरांसाठी बळकावलेली, कागदावर विकत घेतलेली जमीन. आपल्याकडे जमीन माणसाच्या मालकीची असते. तिकडच्या समजुतीत माणूस जमिनीच्या मालकीचा असतो, असं म्हटलं तरी चालेल. लिनींच्या पक्षाने नोव्हेंबर १९७९ च्या निवडणुकीत ३९ पैकी २६ जागा जिंकल्या. नव्या राज्यघटनेत सरळ लिहिलं गेलं की देशातली सगळी जमीन रूढीने जे मूळ मालक आहेत त्यांची आणि त्यांच्या वंशजांची. त्याच घटनेच्या प्रस्तावनेत पारंपरिक मेलानेशियन मूल्यं, देवावरची श्रद्धा आणि ख्रिस्ती तत्त्वं यांचाही उल्लेख आहे. लिनी म्हणत त्या ‘मेलानेशियन समाजवादा’चा गाभाही हाच होता: आमच्या गावांत वाटून खाणं मिशनऱ्यांच्या आधीपासून आहे, बायबलने ते खोडलं नाही, उलट त्याला दुजोरा दिला.

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे. मी शाळेत असतो तर यावर ‘अन्यायाविरुद्ध लढणारा धर्मगुरू’ असा निबंध लिहून मोकळा झालो असतो.

पण स्वातंत्र्याच्या दोन महिने आधी, मे १९८० मध्ये, सांतो या सगळ्यात मोठ्या बेटावर बंड झालं. जिमी स्टीव्हन्स नावाच्या नेत्याने वेगळं राष्ट्र जाहीर केलं. त्याची ‘नाग्रियामेल’ ही चळवळही मुळात जमिनीसाठीच उभी राहिलेली होती, हे विसरू नका. पण आता त्याच्यामागे फ्रेंच मळेवाले होते आणि करमुक्त स्वर्गाची स्वप्नं पाहणारे काही अमेरिकन पैसेवालेही. त्याच्या माणसांकडे बरेचसे धनुष्यबाण होते. म्हणून जगातल्या वर्तमानपत्रांनी या बंडाला ‘नारळाचं युद्ध’ असं चेष्टेचं नाव दिलं. ब्रिटनला मोडून काढायचं होतं, फ्रान्सला नव्हतं, आणि दोघांच्या संमतीशिवाय काही हलणार नव्हतं. गोंधळाची शेवटची सलामी!

लिनी पंतप्रधान झाले तेव्हा देशाचा एक तुकडा त्यांच्या हातात नव्हताच. त्यांनी शेजारच्या पापुआ न्यू गिनीकडे सैन्य मागितलं. ऑगस्टमध्ये सैनिक आले आणि बंड काही दिवसांत आटोपलं. पण नाक्यावर न थांबता पुढे निघालेल्या एका गाडीवर सैनिकांनी गोळीबार केला, त्यात स्टीव्हन्सचा मुलगा मेला. स्टीव्हन्स शरण आला. त्याला साडेचौदा वर्षांची शिक्षा झाली.

मी इथे बराच वेळ अडकलो. कारण कुठल्याही पंतप्रधानाने हेच केलं असतं. नेहरूंनी हैदराबादेत सैन्य पाठवलं, गोव्यात पाठवलं. त्याबद्दल आपण बरंवाईट बोलतो, पण ‘त्यांनी कसं काय पाठवलं’ असं आश्चर्य वाटत नाही. लिनींच्या बाबतीत वाटतं. ज्या माणसाने रविवारी वेदीपुढे उभं राहून भाकरी मोडायची, त्याने बुधवारी सैन्याच्या तुकड्या मागवायच्या? मग मी स्वतःला विचारलं, की आश्चर्य वाटण्याचं कारण काय? गोळीबार तोच. मेलेला मुलगा तोच. धर्मगुरूकडून आपण अपेक्षा करतो ती ‘त्याच्या हातून हिंसा होऊ नये’ अशी आहे, की ‘ती आपल्याला दिसू नये’ अशी? आपल्यासाठी कुणीतरी स्वच्छ राहावं, अशी आपली गरज असते. घरात एक पांढरा शर्ट असावा आणि तो कुणी घालू नये, तशी.

माझे आजोबा कीर्तनकार होते. सोलापूर जिल्ह्यातलं छोटं गाव, दुष्काळी. सत्तरच्या दशकात गावाने त्यांना सरपंच व्हा म्हणून गळ घातली. बिनविरोध झाले असते. त्यांनी नकार दिला. कारण विचारलं तर म्हणायचे, ‘उद्या पाण्याच्या पाळीवरून दोन घरांत भांडण लागलं, तर निकाल मला द्यावा लागेल. मग जो हरला तो एकादशीला माझ्या कीर्तनाला येईल का?’ लहानपणी मला हे उत्तर फार थोर वाटायचं. तुकोबांनी शिवाजी महाराजांचा नजराणा परत पाठवल्याची आख्यायिका आपण ऐकलेली असतेच. मला आजोबा त्याच ओळीत उभे दिसायचे. पण आजी हा किस्सा सांगायची तेव्हा तिचा सूर वेगळा असायचा. आजोबांऐवजी जो सरपंच झाला, त्याने सरकारी विहीर स्वतःच्या भावकीच्या शिवारात नेली. आजी आणि गावाच्या खालच्या अंगाच्या बायका पुढची कित्येक वर्षं त्या विहिरीवर मिनतवाऱ्या करून पाणी आणत होत्या. आजी म्हणायची, ‘ह्यांच्या कीर्तनाला सगळी यायची, खरंय. पाणी पिऊन कुठनं यायची, ते मला विचार.’

आजोबांच्या बाजूने बोलणारे अँग्लिकन चर्चमध्येच मोठमोठे आहेत. सगळ्यांत मोठं नाव डेझमंड टूटू. वर्णभेदी सरकारविरुद्ध त्यांच्याइतकं उघड राजकारण कुठल्याच आर्चबिशपने केलं नसेल. पण फेब्रुवारी १९९० मध्ये आफ्रिकन नॅशनल काँग्रेसवरची बंदी उठली, मंडेला सुटले, आणि आता पक्षात उघडपणे जाता येईल असा दिवस उजाडला, तेव्हा टूटूंच्या चर्चने आपल्या धर्मगुरूंना कुठल्याही पक्षाचं सभासद होण्याची मनाई केली. तुरुंगात जाऊन आलेले काही पाद्री चिडले. त्यांना ही पाठीत सुरी वाटली असेल तर नवल नाही. टूटूंचा हिशेब असा होता, की आजवर बोलणारं कुणी नव्हतं म्हणून आम्ही बोललो, आता लोकांचे नेते परत आले आहेत. आणि उद्या तेच नेते सत्तेवर बसून चुकले तर त्यांना बोलायला कुणीतरी बाहेर हवं. पुढे त्यांनी मंडेलांच्या सरकारवर टीका केलीही.

किंवा मायकेल स्कॉट घ्या. हे इंग्रज अँग्लिकन पाद्री तीसच्या दशकात आपल्या मुंबईत बिशपचे चॅप्लिन होते. पुढे १९४६ मध्ये दक्षिण आफ्रिकेत डर्बनच्या भारतीयांच्या सत्याग्रहात त्यांनी तुरुंगवास भोगला, नामिबियाच्या हेरेरो लोकांचं गाऱ्हाणं संयुक्त राष्ट्रांपर्यंत पोचवलं, आणि १९६४ मध्ये जयप्रकाश नारायण यांच्याबरोबर नागालँडच्या शांतता मंडळात काम केलं. १९६६ मध्ये भारत सरकारनेच त्यांना देशाबाहेर काढलं. त्यांच्या हातात ना पक्ष होता, ना मत, ना खुर्ची. आयुष्यभर ते दुसऱ्यांची गाऱ्हाणी घेऊन दारोदार फिरले. त्यांचे हात स्वच्छ राहिले, कारण कुठली सहीच त्यांच्या हातून व्हायची नव्हती.

टूटू आणि स्कॉट मला पटतात. पण टूटूंकडे मंडेला होते. दार उघडल्यावर ज्याच्यासाठी बाजूला व्हायचं, असा दुसरा कुणीतरी तयार उभा होता. लिनींनी बाजूला व्हायचं ते कुणासाठी? माझ्या आजोबांनी नकार दिला, आणि जो तयार उभा होता त्याने विहीर नेली. नकार देण्याचंही एक बिल येतं. फक्त ते दुसऱ्याच्या घरी जातं.

त्यामुळे लिनी राजकारणात आले हे मला चूक वाटत नाही, सैन्य मागवलं हेही नाही. इतकंच काय, त्यांच्या पहिल्या काही वर्षांत खुर्चीवर बसलेला पाद्री किती उपयोगी पडू शकतो हे दिसलं. १९८२ मध्ये त्यांच्या सरकारने अण्वस्त्रं आहेत की नाहीत हे सांगायला तयार नसलेल्या अमेरिकी युद्धनौकांना बंदरात येऊ दिलं नाही. फ्रान्स पॅसिफिकमध्ये अणुचाचण्या करत होता, त्याला उघड विरोध केला. शेजारच्या न्यू कॅलेडोनियातल्या स्थानिक कनक लोकांच्या स्वातंत्र्याची बाजू घेतली. १९८३ मध्ये दिल्लीत अलिप्त राष्ट्रांची परिषद भरली, तेव्हा व्हानुआतू त्या गटाचा सभासद झाला. पॅसिफिकमधल्या छोट्या बेटांपैकी असं करणारा तो पहिलाच. क्यूबाशी संबंध जोडले, पुढे लिबियाशी. वॉशिंग्टनने भुवया उंचावल्या. सव्वालाखांच्या देशाचा पंतप्रधान महासत्तांना ‘नको’ म्हणतो तेव्हा त्यामागे सैन्य नसतं, पैसा नसतं. मग काय असतं? मला वाटतं, ‘योग्य काय’ हे आधी आणि ‘परवडतं काय’ हे नंतर विचारायची सवय असते, आणि ती सवय बहुधा धर्मपीठावरची होती.

पण दुसऱ्या बाजूलाही लिहायला पुष्कळ आहे. त्यांची खासगी सचिव आणि सहकारी होती ग्रेस मेरा मोलिसा. देशातली पहिली मोठी कवयित्री. तिने ऐंशीच्या दशकातच लिहिलं की गोरे गेले, पण आमच्या बायकांसाठी वसाहत संपलेली नाही. स्वतंत्र झालेत ते पुरुष. पंतप्रधानांच्या कार्यालयात काम करणाऱ्या बाईने हे म्हणणं आणि छापणं, हे मला या सगळ्या कथेतलं सर्वांत धाडसी कृत्य वाटतं. त्याबद्दल वेगळं लिहायला हवं.

फेब्रुवारी १९८७ मध्ये वॉशिंग्टनमध्ये असताना लिनींना पक्षाघाताचा झटका आला. तेव्हा ते पंचेचाळिशीच्या आत-बाहेर होते. शरीराची एक बाजू अधू झाली. ते परतले आणि खुर्चीत बसून राहिले. त्याच वर्षीची निवडणूकही पक्षाने जिंकली. पण पक्षातच बराक सोपे नावाचा तरुण महत्त्वाकांक्षी सहकारी आता वाट पाहायला तयार नव्हता. मे १९८८ मध्ये राजधानी पोर्ट व्हिलात जमिनीच्याच एका संस्थेवरून दंगल झाली. डिसेंबरमध्ये राष्ट्रपती सोकोमानू यांनी, जे सोपेंचे मामा-काकांच्या नात्यातले आणि एकेकाळचे लिनींचे साथी, संसद बरखास्त केली आणि सोपेंना हंगामी पंतप्रधान म्हणून शपथ दिली. लिनींनी हे बेकायदा ठरवून राष्ट्रपतींसकट सगळ्यांना अटक करवली. मार्च १९८९ मध्ये सोकोमानूंना सहा वर्षांची शिक्षा झाली, सोपेंना पाच. त्यांच्याबरोबर शिक्षा झालेल्यांत फ्रेंच भाषिक विरोधी पक्षाचे नेते मॅक्सिम कार्लो हेही होते. महिन्याभरात अपील न्यायालयाने सगळ्यांना सोडलं.

नंतर घसरण. सरकारी रेडिओवर पकड, मंत्र्यांना काढणं, अधिकाऱ्यांना काढणं. १९९१ मध्ये पक्षाने आपल्या संस्थापकालाच अध्यक्षपदावरून हटवलं. सप्टेंबरमध्ये संसदेत अविश्वास ठराव आला आणि लिनींच्या जागी डोनाल्ड काल्पोकास पंतप्रधान झाले. वीस वर्षांपूर्वी ज्याच्याबरोबर पक्ष काढला, तोच मित्र.

धर्मगुरूची दीक्षा आयुष्यभराची असते. तिला मुदत नसते, फेरनिवडणूक नसते, तब्येत ढासळली म्हणून ती उतरत नाही. पंतप्रधानपद याच्या नेमकं उलट, परत करायसाठीच दिलेलं असतं. मला शंका आहे की एक सवय दुसऱ्या जागी गेली. ‘मला बोलावलं गेलं आहे’ असं ज्याला विसाव्या वर्षी मनापासून वाटलं, त्याला पन्नासाव्या वर्षी ‘आता तुम्हाला जा म्हणताहेत’ हे ऐकूच येत नाही. अर्थात दीक्षा न घेतलेल्या कितीतरी नेत्यांनाही ते ऐकू येत नाही. त्यामुळे या शंकेवर मी फार वजन टाकणार नाही.

ज्या गोष्टीवर टाकेन ती यानंतर घडली. लिनींनी नवा पक्ष काढला. डिसेंबर १९९१ च्या निवडणुकीत एकूण जागा ४६. कार्लोंच्या पक्षाला १९. लिनींच्या जुन्या पक्षाला १०, नव्या पक्षाला १०. कुणालाच बहुमत नाही. आणि लिनींनी हात मिळवला तो कार्लोंशी! म्हणजे ज्यांच्याविरुद्ध सगळी स्वातंत्र्याची लढाई लढले त्या फ्रेंच गटाशी. अडीच वर्षांपूर्वी त्यांच्याच सरकारच्या काळात ज्याला तुरुंगवास ठोठावला गेला त्या माणसाशी. एकोणीस अधिक दहा, एकोणतीस. कार्लो पंतप्रधान झाले. पुढे या ना त्या आघाडीत लिनी स्वतःही उपपंतप्रधान, न्यायमंत्री झाले.

आपल्याकडे याला ‘बेरजेचं राजकारण’ म्हणतात, आणि महाराष्ट्रातल्या वाचकाला तर गेल्या काही वर्षांनंतर अशा बेरजांचं काहीच वाटू नये. काल तुरुंगात घालू म्हणणारे आज मांडीला मांडी लावून बसतात, आपण मीम फॉरवर्ड करतो आणि झोपतो. पण इथे एक माणूस आहे ज्याचं मूळ कामच क्षमा करणं हे होतं. शत्रूवर प्रेम करा, सत्तर वेळा सात वेळा क्षमा करा, हे त्याने शेकडो वेळा दुसऱ्यांना सांगितलेलं असणार. आणि आता त्याने खरोखरच शत्रूला जवळ केलं. इंग्रजी शाळा आणि फ्रेंच शाळा, प्रोटेस्टंट आणि कॅथलिक, अशी दुभंगलेली बेटं स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा एका सरकारात आली. फ्रेंच बोलणाऱ्या लोकांना अकरा वर्षांत पहिल्यांदा वाटलं की हा देश आपलाही आहे. एखाद्या धर्मगुरूने याहून चांगलं काय करावं?

फक्त ते करण्याच्या क्षणी त्याला दहा जागांचा भाव मिळत होता. आणि ज्या मित्रांनी त्याला काढलं, त्यांना तो विरोधी बाकांवर पाठवू शकत होता.

ही क्षमा होती की बेरीज, हे मला ठरवता येत नाही. मुद्दाम दोन्ही बाजूंनी वाचून पाहिलं. मला वाटतं कार्लोंनाही ठरवता आलं नसेल. कदाचित लिनींनाही नसेल, आणि हेच मला जास्त त्रास देतं. दुसरा कुणी नेता असता तर त्याच्या मनात काय होतं याने काही बिघडलं नसतं. सरकार झालं, बास. पण पाद्र्याच्या क्षमेत सगळी किंमत मनाचीच असते. नफा असताना केलेली क्षमा खोटीच असते असं नाही, पण ती खरी आहे हे दाखवायचा काही मार्ग उरत नाही. खुर्चीवर बसलेल्या धर्मगुरूला खोटं बोलावं लागतं, हात बरबटतात, हे सगळे आक्षेप मला तितके पटत नाहीत; त्याचं चांगलं कृत्यसुद्धा ओळखू येईनासं होतं, हा आक्षेप मात्र मला खोडता आलेला नाही. आजोबांनी दोन भावांचं भांडण मिटवलं तर गाव म्हणायचं, बुवांनी मिटवलं. सरपंच म्हणून मिटवलं असतं तर गावाने आधी मतं मोजली असती.

आणि तरीही आजीची विहीर आहेच. कुणीतरी मोजणारं हवंच होतं.

वॉल्टर लिनी २१ फेब्रुवारी १९९९ रोजी गेले. त्यांचा भाऊ हॅम लिनी पुढे पंतप्रधान झाला. काल्पोकास, सोपे, कार्लो हे सगळे एकेकदा तरी त्या खुर्चीवर बसून उतरले. देशात आज २१ फेब्रुवारीला सार्वजनिक सुट्टी असते. कॅलेंडरवर तिचं नाव ‘फादर वॉल्टर लिनी दिन’ असं छापलेलं असतं. शाळा बंद, बँका बंद.